मास्तरांचे माप

चांगला मास्तर कोणता, हे कोणत्याही गावात जाऊन विचारा. पिठाच्या गिरणीवर डबा घेऊन उभी असलेली म्हातारी सांगेल, पारावर तंबाखू मळणारा गडी सांगेल, इतकेच काय, त्याच मास्तरांच्या हातचा मार खाल्लेला इसमही सांगेल. नावाबद्दल सहसा मतभेद होत नाही. पण "कशावरून म्हणता?" असे विचारले, की सगळ्यांचीच गाडी अडते. "त्यांच्या हाताखाली पोरं सुधारली," एवढेच उत्तर मिळते. किती सुधारली? मास्तरांमुळे सुधारली, की घरच्या वळणामुळे? की मुळातच हुशार होती? याचे उत्तर म्हातारीपाशी नसते आणि गड्यापाशीही नसते.

गावाचे एवढ्यावर भागते. सरकारचे भागत नाही. कारण सरकारला पगार द्यावा लागतो, आणि पगार देणाऱ्याला पावती हवी असते. मुलांच्या परीक्षा घ्याव्या, त्यांतून मास्तरांच्या कामाचा आकडा काढावा आणि त्या आकड्यावर त्यांची भाकरी ठरवावी, अशा दोन मोठ्या खटपटी इतिहासात नमूद आहेत. पहिली इंग्लंडात १८६२ साली सुरू झाली आणि तिचे पाणी आपल्या मुंबई इलाख्यापर्यंत आले. दुसरी अमेरिकेत १९९२ साली सुरू झाली आणि आमच्या डोळ्यांदेखत तिचा भर ओसरला. या दोन खटपटींची हकीकत आज सांगावयाची आहे.

माझा अधिकार विचाराल, तर तो बेताचाच आहे. दहावीच्या, म्हणजे आमच्या गावच्या भाषेत मॅट्रिकच्या, पुढे मी गेलो नाही. दिवसा मुले शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. कादंबरी खपली नाही, तर प्रकाशकाला, वाचकांना किंवा पावसाला दोष देता येतो. वर्गात मूल मागे राहिले, तर दोष कोणाच्या पदरात घालावा, हा प्रश्न मात्र रात्री दिवा मालवल्यावरही जात नाही. तेव्हा या इतिहासात मी पाहुणा नाही, पक्षकार आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

इंग्लंडच्या सरकारने शाळांना पहिली मदत दिली ती १८३३ साली, २० हजार पौंडांची. पुढे ही रक्कम वाढत वाढत १८६१ पर्यंत वर्षाला ८ लाख पौंडांच्या वर गेली. क्रिमियाच्या युद्धाने तिजोरीला आधीच खिंडार पडले होते. पार्लमेंटात विचारणा सुरू झाली, की एवढा पैसा जातो त्याचे होते काय? मग १८५८ साली न्यूकॅसलच्या ड्यूकच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला गेला. त्याने १८६१ साली अहवाल दिला, की शाळांतून वरच्या वर्गांतल्या हुशार मुलांकडे लक्ष पुरवले जाते आणि खालची गरिबांची मुले साधे वाचन-लेखनही न शिकता शाळा सोडून जातात. ही तक्रार खोटी नव्हती. वाचकहो, हे विसरू नका. कारण या दोन्ही खटपटींच्या मुळाशी दुष्टपणा नव्हता. मागे पडलेल्या मुलाकडे मास्तरांनी पाहावे, हीच इच्छा दोन्ही ठिकाणी होती.

त्या वेळी इंग्लंडच्या शिक्षणखात्याची सूत्रे रॉबर्ट लो यांच्या हाती होती. हे गृहस्थ पुढे अर्थमंत्री झाले, यावरून त्यांच्या बुद्धीचा कल वाचकांच्या ध्यानी येईल. त्यांनी १८६२ साली 'रिवाइज्ड कोड', म्हणजे सुधारित नियमावली, अमलात आणली. पार्लमेंटात तिची तरफदारी करताना त्यांनी सांगितले, की ही योजना स्वस्त पडली नाही तर गुणकारी तरी ठरेल, आणि गुणकारी ठरली नाही तर स्वस्त तरी पडेल. व्यापाऱ्याला शोभेलसाच हा हिशेब होता.

नियम असा : सरासरी हजेरीवर दर मुलामागे वर्षाला ४ शिलिंग शाळेला मिळत. सहा वर्षांवरील जे मूल सकाळच्या वा दुपारच्या दोनशेंहून अधिक बैठकांना हजर राहिले असेल, त्याच्या नावावर आणखी ८ शिलिंग मिळण्याजोगे असत. पण ते परीक्षेच्या निकालावर. वर्षातून एकदा सरकारी इन्स्पेक्टर येई आणि प्रत्येक मुलाची वाचन, लेखन व गणित अशी तीन विषयांत परीक्षा घेई. एका विषयात मूल नापास झाले, की ८ शिलिंगांचा तिसरा हिस्सा, म्हणजे २ शिलिंग ८ पेन्स, कापला जाई. मुलांच्या सहा पायऱ्या पाडल्या होत्या आणि त्यांना 'स्टँडर्ड' म्हणत. आपल्याकडे आजही "माझा मुलगा फोर्थ स्टँडर्डला आहे" असे अभिमानाने सांगितले जाते, तो शब्द याच पायऱ्यांचा सगासोयरा आहे. पहिल्या पायरीवर एकाक्षरी शब्दांची गोष्ट वाचावयाची आणि २० पर्यंतचे आकडे ओळखावयाचे. सहाव्या पायरीवर वर्तमानपत्रातला एक साधा परिच्छेद वाचावयाचा.

पैसे शाळेच्या चालकांच्या हाती पडत. पण पुष्कळ ठिकाणी मास्तरांचा पगार त्या रकमेशी बांधलेला असे. मग जे व्हावयाचे तेच झाले. मास्तरांना मुलांच्या चेहऱ्यावर शिलिंग दिसू लागले. इतिहास, भूगोल, गाणे यांवर एक पेनीही मिळत नव्हती. तेव्हा ते विषय मागे सरले. वाचनाचे एकच पुस्तक वर्षभर घोटून घेत. तपासनीसाने पान झाकले, तरी मुलाचे 'वाचन' न थांबता चालू राही, अशा गोष्टी त्या काळाविषयी सांगतात. ज्या मुलाची हजेरी दोनशे बैठकांपर्यंत पोचण्याचा संभव नव्हता, ते मूल परीक्षेच्या हिशेबी शाळेत नसल्यासारखेच होते. आणि असे मूल कोणाचे असावयाचे? हंगामात शेतावर राबणाऱ्याचे. ज्याच्यासाठी नियमावली केली, तेच तिच्या बाहेर राहिले.

हे सारे ज्याने अगदी जवळून पाहिले, तो इन्स्पेक्टर होता मॅथ्यू अर्नोल्ड. इंग्रजी साहित्यात हा कवी व टीकाकार म्हणून गाजला. पण त्याच्या पोटापाण्याचा उद्योग, १८५१ पासून १८८६ पर्यंत, शाळा तपासण्याचा होता. नियमावलीचा मसुदा पुढे येताच त्याने आपल्याच खात्याविरुद्ध लेख लिहिला. आमच्याकडील सरकारी नोकरीत राहून असे करून पाहावे, म्हणजे अर्नोल्डच्या धैर्याची कल्पना येईल! पुढे १८६० च्या दशकातील आपल्या अहवालांतून त्याने नोंदवले, की शाळांतली बौद्धिक धुगधुगी मंदावली आहे, आणि वाचता, लिहिता व हिशेब करता न येणाऱ्या मुलांनाही वाचन, लेखन व गणिताच्या परीक्षेत पास करवून घेण्याची हातोटी मास्तरांनी साधली आहे. १८६४ साली लो यांच्यावर इन्स्पेक्टरांच्या अहवालांत काटछाट केल्याचा आरोप आला, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. माणूस गेला, नियम राहिला. १८९० च्या नव्या नियमावलीने त्याचा कणा मोडला, आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत उरलेला सांगाडाही मोडीत निघाला. एडमंड होम्स या निवृत्त मुख्य इन्स्पेक्टराने १९११ साली पुस्तक लिहून सांगितले, की ती पद्धत गेली तरी तिने लावलेली यांत्रिक सवय वर्गांतून गेलेली नाही.

आता इंग्लंडात पाऊस पडला की मुंबईत छत्री उघडावयाची, असा तो काळ. १८५४ सालच्या वुड यांच्या खलित्याने आपल्याकडे अनुदानाची पद्धत आणलीच होती. मुंबई इलाख्याने १८६० च्या दशकात ते अनुदान परीक्षेच्या निकालाशी बांधले. मूल पास झाले तर शाळेला अमुक रुपये, नापास झाले तर काही नाही. 'दिपोटी' हा शब्द आमच्या आजोबांच्या पिढीला ठाऊक होता. दिपोटी येणार म्हटले, की शाळा सारवली जाई, मुलांच्या टोप्या धुतल्या जात आणि मास्तरांची झोप उडे. त्या भीतीत नुसती साहेबाची जरब नव्हती; अनुदानाच्या काळात तिच्यात रुपये-आण्यांचाही भाग होता.

१८८२ साली सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानच्या शिक्षणाची चौकशी करणारा आयोग आला. त्याच्यापुढे पुण्याहून जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. हे निवेदन आपल्याकडे पुष्कळ वेळा उल्लेखिले जाते. पण त्यातला एक मुद्दा सहसा कोणी सांगत नाही. निकालावर पैसे देण्याची पद्धत अडाणी आणि गरीब लोकांत शिक्षण पसरवण्यास मुळीच सोयीची नाही, असे जोतीरावांनी स्पष्ट म्हटले होते. कारणही साधे दिले. या लोकांत शिक्षणाची गोडीच अजून उत्पन्न झालेली नाही. तेव्हा त्यांच्यात जाऊन स्वतःच्या भरवशावर शाळा काढील असा मास्तर मिळावयाचा नाही, कारण त्यात त्याचे पोट भरणार नाही.

या एका वाक्याचा विचार करावा. अर्नोल्डने सांगितले, की अशा पद्धतीने शिक्षण पोपटपंचीचे होते. जोतीरावांनी त्याच्याही मुळाशी हात घातला. त्यांनी विचारले, की निकालावर भाकरी असेल, तर ज्या आळीत निकाल लागणे अवघड, त्या आळीत मास्तर जाईल कशाला? आयोगाने त्यांचे ऐकले नाही. महाविद्यालयांना ही पद्धत लावू नये, पण प्राथमिक शाळांना मदत मुख्यतः निकालांवरच द्यावी, अशी शिफारस झाली. म्हणजे मोठ्यांच्या मुलांना सूट आणि लहानांच्या मुलांना शिलिंग! पुढे मार्च १९०४ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने शिक्षणाविषयी ठराव काढला. परीक्षांचे स्तोम बेसुमार माजले आहे हे त्यात कबूल केले गेले आणि निकालांवर पैसे देण्याची पद्धत सोडण्याचे धोरण स्वीकारले गेले. जोतीराव त्यापूर्वी तेरा वर्षे निवर्तले होते.

पहिली खटपट अशी संपली. तिच्यातला उघड अन्याय कोणाच्याही लक्षात येईल. वकिलाचा मुलगा आणि वीटभट्टीवरील मजुराचा मुलगा यांना एकाच रेषेवर उभे करून 'पास की नापास' विचारले, तर वकिलांच्या आळीतला मास्तर बसल्या जागी श्रीमंत होतो. तेव्हा कोणी शहाणा म्हणेल, की मूल कोठे पोचले हे पाहू नका. ते कोठून निघाले आणि वर्षात किती पुढे सरकले, तेवढेच पाहा. हाच विचार शंभर वर्षांनंतर अमेरिकेतील टेनेसी राज्यात एका माणसाने केला.

त्याचे नाव विल्यम सँडर्स. हा टेनेसी विद्यापीठात संख्याशास्त्री होता. त्याचा जन्म शाळामास्तरांत गेला नव्हता. दुभत्या जनावरांच्या आणि शेतीच्या आकडेमोडीत तो मुरलेला होता. आपल्या शेतकरी वाचकांना त्याची युक्ती चटकन समजेल. वळू चांगला की वाईट, हे वळूकडे पाहून कळत नाही. तो स्वतः दूध देत नाही. त्याच्या कालवडी पुढे किती दूध देतात, यावरून त्याची किंमत. पण एकीला पेंड मिळाली, दुसरी माळावर चरली. तेव्हा चाऱ्याचा भाग वजा करून वळूचा भाग निराळा काढावयाचा. हे गणित पशुपैदाशीच्या शास्त्राने आधीच सिद्ध केले होते. सँडर्स म्हणाला, वळूच्या जागी मास्तर घाला आणि दुधाच्या जागी गुण!

थट्टा बाजूला ठेवून युक्ती नीट समजून घेऊ. शंभर मुलांची गुणानुक्रमाने रांग लावली आहे असे समजा. एक मुलगी गेली तीन वर्षे शेवटून चाळिसावी येते आहे. तर यंदाही ती त्याच सुमारास येईल, असा अंदाज बांधता येतो. यंदा ती पन्नासावी आली, तर दहा जागांची बढती मिळाली. तिसावी आली, तर दहा जागांची घसरण झाली. एका मुलीवरून काही ठरत नाही. पण वर्गातील सर्व मुलांच्या अशा बढत्या-घसरणींची सरासरी काढली, की मास्तरांनी अंदाजापेक्षा किती अधिक वा उणे दिले, तो आकडा मिळतो. 'वाढीव मूल्य' असे त्याला नाव पडले. टेनेसीने १९९२ साली कायदा करून ही पद्धत स्वीकारली. १९९६ साली सँडर्स आणि त्याच्या सहकारिणीने दाखवले, की सारख्या योग्यतेची दोन मुले घेतली, एकाला ओळीने तीन वर्षे उत्तम शिक्षक मिळाले आणि दुसऱ्याला तीन वर्षे वाईट, तर शंभरांच्या रांगेत दोघांत सुमारे पन्नास जागांचे अंतर पडते.

हे वाचून कोणत्या आईबापांचा जीव कासावीस होणार नाही? मग राजकारणी मंडळींनी हे माप उचलले. २००९ साली बराक ओबामा यांच्या सरकारने ४३५ कोटी डॉलरांची एक स्पर्धा राज्याराज्यांत लावली. शिक्षकांच्या मूल्यमापनात मुलांच्या प्रगतीचा आकडा घालणाऱ्या राज्यांचे पारडे तिच्यात जड होई. पैशाच्या वासाने एकामागून एक राज्यांनी कायदे बदलले. ऑगस्ट २०१० मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स' या वर्तमानपत्राने सुमारे ६ हजार शिक्षकांची नावे त्यांच्या क्रमवारीसह छापून टाकली. फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्क शहरातील सुमारे १८ हजार शिक्षकांचे आकडे असेच चव्हाट्यावर आले.

आणि तेथेच एक गंमत बाहेर पडली. न्यूयॉर्कच्या आकड्यांसोबत चुकीची मर्यादाही दिली होती. ती गणितात सरासरी ३५ जागांची आणि इंग्रजीत ५३ जागांची होती. शंभर पायऱ्यांच्या जिन्यावर मास्तर कोठे उभा आहे असे विचारले, तर उत्तर मिळे, "या पन्नास पायऱ्यांपैकी कोणत्या तरी एकीवर!" आमच्या बाजारात असा तराजू घेऊन कोणी भाजी विकावयास बसला, तर बायका त्याला उठवून लावतील.

दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक. जेसी रॉथस्टीन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने नॉर्थ कॅरोलायना राज्याचे आकडे घेऊन २०१० साली एक उलटी परीक्षा केली. पाचवीचे शिक्षक मुलांच्या चौथीतल्या प्रगतीवर परिणाम करतात काय, असे त्याने गणिताला विचारले. गणित म्हणाले, करतात! आता, पाचवीचा मास्तर मागच्या वर्षात जाऊन तर शिकवू शकत नाही. याचा अर्थ एवढाच, की कोणते मूल कोणाच्या वर्गात घालावयाचे हे चिठ्ठ्या टाकून ठरत नसते. हूड मुले एका कडक मास्तरांकडे, अभ्यासू मुले दुसऱ्याकडे, अशी वाटणी दर जूनमध्ये आमच्याकडेही होते. सँडर्सच्या गणितात ही वाटणी पुरती धुऊन निघत नाही.

तिसरे असे, की चित्रकला, व्यायाम, संगीत आणि अगदी लहान वर्ग यांच्या राज्यव्यापी परीक्षाच नव्हत्या. मग त्या शिक्षकांचा आकडा कोठून आणावयाचा? फ्लॉरिडा आणि टेनेसी राज्यांत त्यांच्या माथी शाळेच्या इतर वर्गांचे गुण मारले गेले. ज्या मुलांना कधी शिकवले नाही, त्यांच्या गुणांवर शिक्षकांचे मूल्यमापन होऊ लागले. अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने एप्रिल २०१४ मध्ये निवेदन काढून बजावले, की बहुतेक अभ्यासांनुसार मुलांच्या गुणांत जो फरक पडतो, त्यातील सुमारे १ ते १४ टक्केच शिक्षकांकडे लावता येतो. उरलेला घर, आहार, आजार, सोबती आणि शाळेची स्थिती अशा बाकीच्या गोष्टींत वाटला जातो.

मला येथे माझा वर्ग आठवतो. दिवाळी सरली, की आमच्याकडची काही कुटुंबे ऊसतोडीला कारखान्यांच्या रानात जातात. मुलेही बैलगाडीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातात आणि उन्हाळा लागता लागता परत येतात. जाताना तेराचा पाढा म्हणणारी पोर येताना सातच्या पाढ्यावर अडखळते. पण मोळ्यांचा हिशेब तिला तोंडपाठ असतो. तिची 'वाढ' किती झाली? आणि जी घट झाली ती कोणत्या मास्तरांच्या खाती मांडावी? कोपीत राहून, उसाच्या पाचटावर बसून तिने जे सहा महिने काढले, त्यांचा मास्तर कोण? जोतीरावांनी १८८२ साली विचारलेला प्रश्न मला अशा वेळी पुनः पुनः ऐकू येतो. माझी भाकरी त्या पोरीच्या आकड्यावर टांगली, तर पुढच्या वर्षी ती माझ्या वर्गात नसावी अशी इच्छा माझ्या मनात येणार नाही, याची हमी मी काय, कोणताच मास्तर देऊ शकणार नाही.

तरीही न्यायाचे बोलावयाचे, तर एक बाजू मांडणे अवश्य आहे. राज चेट्टी, जॉन फ्रीडमन आणि जोना रॉकॉफ या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी दहा लाखांहून अधिक मुले मोठी होईपर्यंतचा माग काढला आणि २०१४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या शिक्षकांचे वाढीव मूल्य जास्त होते, ती मुले महाविद्यालयात अधिक गेली आणि मोठेपणी त्यांची कमाईही अधिक झाली, असे त्यांना आढळले. म्हणजे आकडा केवळ वारा नाही. हजारो वर्गांवर पसरून पाहिला, तर त्यात काहीतरी खरे आहे. गिरणीवरची म्हातारी म्हणते तेच तो म्हणतो, की चांगला मास्तर असतो आणि त्याच्यामुळे आयुष्य बदलते. प्रश्न उरतो तो इतकाच, की हजार वर्गांविषयी जे खरे, ते एका मास्तरीणबाईंच्या बाबतीत एका वर्षाच्या आकड्यावरून सांगता येते काय?

हाच प्रश्न न्यूयॉर्क राज्यातील चौथीच्या एका शिक्षिकेने कोर्टात नेला. त्यांच्या वर्गातील मुले उत्तम गुण मिळवीत आली होती. एका वर्षी त्यांना प्रगतीच्या मापात २० पैकी १४ गुण पडले. दुसऱ्या वर्षी त्याच बाईंना, तशाच शिकवण्यावर, २० पैकी १! मुलेच रांगेच्या टोकाला उभी असतील, तर त्यांनी पुढे सरकावे कोठे? भांडे काठोकाठ भरल्यावर त्यात आणखी किती ओतले, हे मोजण्यासारखेच ते होते. मे २०१६ मध्ये आल्बनी येथील न्यायाधीशांनी तो गुण मनमानी ठरवून रद्द केला. पुढल्या वर्षी, मे २०१७ मध्ये, ह्यूस्टन शहराच्या शिक्षकांचा दावा संघराज्याच्या न्यायालयापुढे होता. तेथील गणित एका खाजगी कंपनीचे गुपित होते. शिक्षकाला आपला आकडा तपासून पाहण्याची सोयच नव्हती. ज्या हिशेबाची वही उघडून दाखवीत नाही, त्या हिशेबावर माणसाची नोकरी घेणे न्यायाला धरून आहे काय, हा मुद्दा सुनावणीयोग्य आहे असे न्यायाधीशांनी म्हटले. त्याच वर्षी तडजोड झाली आणि त्या आकड्यांवरून शिक्षकांना कामावरून काढणार नाही, असे तेथील शिक्षणमंडळाने मान्य केले.

नोकरी आणि बक्षीस आकड्याला बांधले की पुढे काय होते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण अटलांटा शहराचे. तेथे शाळांना गुणांची उद्दिष्टे ठरवून दिली होती. ती गाठली तर बक्षीस, चुकली तर नोकरीवर गदा. २००९ सालच्या उत्तरपत्रिकांत चुकीची उत्तरे खोडून बरोबर केल्याच्या खुणा अजब संख्येने सापडल्या. जुलै २०११ मध्ये राज्याच्या चौकशीने ४४ शाळांतील १७८ शिक्षक व मुख्याध्यापकांचा त्यात हात असल्याचे सांगितले. २०१५ साली अकरा जण कोर्टात दोषी ठरले. रबर शिक्षकांच्या हाती होते. ज्या मुलाला वाचता येत नव्हते, त्याच्या नावापुढे 'वाचता येते' असे लिहिले गेले, आणि त्याला मिळावयाची मदत बंद झाली. अर्नोल्डच्या अहवालातले ते मूल दीडशे वर्षांनी अटलांटात पुन्हा परीक्षेला बसले होते.

डोनाल्ड कॅम्बेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक नियम मांडला आहे. समाजातील एखादा आकडा निर्णयासाठी जितका अधिक वापरावा, तितका तो आकडा नासतो आणि ज्या कामाचा तो आकडा असतो, ते कामही नासते. आमच्या आजीने हे दोन शब्दांत सांगितले असते : मापाला आशा लागली, की माप खोटे होते.

डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेने नवा कायदा करून शिक्षकांच्या मूल्यमापनात असे आकडे घालण्याचा केंद्राचा आग्रह सोडला, आणि नंतर कित्येक राज्यांनी आपापले नियम सैल केले. बिल गेट्स यांच्या संस्थेच्या मदतीने काही ठिकाणी अशा मूल्यमापनाचा सात वर्षे भारी प्रयोग झाला होता. त्यावर साडेसत्तावन्न कोटी डॉलर खर्च झाले. जून २०१८ मध्ये रँड या संशोधनसंस्थेने त्याचा जमाखर्च मांडला. मुलांच्या शिक्षणात म्हणण्यासारखी सुधारणा झाली नव्हती. रॉबर्ट लो हयात असते, तर त्यांना वाईट वाटले असते. कारण त्यांची योजना गुणकारी नसली तरी स्वस्त होती. ही तर तीही नव्हती!

मग मास्तरांना मोजूच नये काय? मोजावे, अवश्य मोजावे. कामचुकार मास्तराला 'शिक्षण ही पवित्र गोष्ट आहे, ती मोजता येत नाही' या वचनाच्या पदराआड लपू देणे, हा मुलांवर उघड अन्याय आहे, आणि तो आमच्या पेशात पुष्कळांनी केलेला आहे. परंतु ताप मोजण्याची काचेची नळी आणि फाशीचा दोर या दोन वस्तू निराळ्या आहेत. मुलाच्या वाढीचा आकडा मास्तरांच्या हाती द्यावा, मुख्याध्यापकांच्या हाती द्यावा, त्यावर बसून दोघांनी विचार करावा, एकमेकांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसावे. एका वर्षाच्या आकड्याने शंका घ्यावी, निकाल देऊ नये. आणि अवघड आळीतल्या वर्गावर उभ्या राहणाऱ्या मास्तरांच्या पाठीशी आधी पैसा व माणूसबळ उभे करावे. जोतीरावांनी मागितलेले खास उत्तेजन ते हेच.

दीडशे वर्षांत दोन साम्राज्यांनी, एकाने शिलिंगांच्या आणि दुसऱ्याने डॉलरांच्या, एकच धडा गिरवला. आणि तो पाटीवर आधीच लिहिलेला होता. पुण्यातील एका माणसाने तो १८८२ साली लिहून ठेवला होता. आता सुटी संपली, की आमच्या वर्गातील काही जागा रिकाम्या होतील. जाणाऱ्या प्रत्येक पोरीच्या पिशवीत मी एक गोष्टीचे पुस्तक घालून देतो. ती ते कोपीच्या दारात बसून वाचते की चूल पेटवण्याला घेते, याचा आकडा कोणत्याही तक्त्यात मांडला जात नाही. परत आल्यावर मात्र मी तिला पहिला प्रश्न गोष्टीतलाच विचारतो.